मौनाची किंमत : कॉड यांचा १९७० चा निबंध आणि डेटाबेसच्या वेगाचा प्रश्न

एडगर कॉड यांचा मोठ्या व सामायिक माहितीपेढ्यांसाठी रिलेशनल मॉडेल मांडणारा निबंध जून १९७० मध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अवघ्या अकरा पानांच्या या निबंधाचे नाव संगणकशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यक्रमात घेतले जाते. तो मुळातून वाचला मात्र क्वचितच जातो. परिणामी त्याच्याविषयी दोन समजुती रूढ झाल्या आहेत. एक अशी की, माहिती टेबलांत मांडण्याची युक्ती कॉड यांनी शोधून काढली. दुसरी अशी की, ही मांडणी तर्कदृष्ट्या देखणी असली तरी स्वभावतःच मंद आहे, आणि माहितीचा व्याप वाढला की तिला रजा देऊन दुसऱ्या कशाचा तरी आश्रय करावा लागतो. पहिली समजूत अपुरी आहे व दुसरी चुकीची; आणि दुसरीचा उगम पहिलीत आहे. टेबल ही काही विसाव्या शतकातील वस्तू नव्हे. हजेरीपट आणि खतावणी यांना ती फार पूर्वीपासून ठाऊक आहे. कॉड यांच्या निबंधाचा खरा विषय भाषा हा आहे : माहिती मागणाऱ्याने काय बोलले पाहिजे आणि कशाविषयी त्याला गप्प राहता आले पाहिजे, हा. डेटाबेसचा वेग वाढविण्याच्या व त्याचा विस्तार पेलण्याच्या ज्या अनेक उपाययोजना गेल्या पन्नासहून अधिक वर्षांत पुढे आल्या, त्यांचे गुणदोष पारखावयाचे तर याच कसोटीवर पारखले पाहिजेत. उपाय केल्यानंतर विचारणाऱ्याचे वाक्य बदलावे लागते काय, एवढे पाहिले म्हणजे पुष्कळसा उलगडा होतो.

निबंधाच्या पूर्वार्धात कॉड यांनी तत्कालीन पद्धतींवर तीन आक्षेप घेतले आहेत. त्यांच्या मते प्रोग्राम तीन गोष्टींना बांधला गेला होता : नोंदी ज्या क्रमाने साठविल्या असतील त्या क्रमाला, ज्या इंडेक्सच्या साहाय्याने त्या सापडतात त्या इंडेक्सला, आणि एका नोंदीपासून दुसरीपर्यंत जी वाट आखून ठेवलेली असेल त्या वाटेला. हे तिसरे बंधन दाखविण्यासाठी त्यांनी सुटे भाग आणि प्रकल्प यांचे एक साधे उदाहरण घेतले आहे. तीच माहिती ते पाच प्रकारे मांडून दाखवितात : कोठे भागांच्या पोटात प्रकल्प, कोठे प्रकल्पांच्या पोटात भाग, कोठे दोन्ही स्वतंत्र. काम एवढेच की, ‘आल्फा’ नावाच्या प्रकल्पात लागणाऱ्या प्रत्येक भागाचा क्रमांक, नाव व संख्या छापावयाची. यांपैकी कोणतीही एक मांडणी गृहीत धरून लिहिलेला प्रोग्राम उरलेल्यांपैकी निदान तीन मांडण्यांवर निकामी ठरतो, असे ते दाखवून देतात. संपूर्ण निबंधात याच्याइतका मर्मभेदी भाग दुसरा नाही. त्या काळी आयबीएमची आयएमएस ही प्रणाली माहिती झाडाच्या फांद्यांसारखी साठवीत असे. ‘अपोलो’ या चांद्रमोहिमेच्या सुट्या भागांच्या याद्या सांभाळण्याच्या गरजेतून ती जन्मली होती. तेव्हा भाग व प्रकल्प हे उदाहरण कॉड यांना सहज सुचले असेल असे नाही. ते घरच्याच प्रणालीवर नेम धरून निवडलेले दिसते.

या भेदाचे भाषिक स्वरूप मराठीच्या अभ्यासकाला चटकन उमगण्यासारखे आहे. परीक्षा विभागातील कारकुनाला दोन प्रकारे काम सांगता येते. ‘तिसऱ्या कपाटातील निळी वही काढा, पहिल्या पानापासून गुण पाहत जा, साठांहून अधिक दिसले की आसनक्रमांक टिपा, मग दुसऱ्या वहीत त्या क्रमांकापुढचे नाव शोधा’ हा एक प्रकार. ‘ज्यांना भाषाशास्त्रात साठांहून अधिक गुण आहेत, त्यांची नावे द्या’ हा दुसरा. पहिल्यात आज्ञार्थी क्रियापदांची माळ आहे, आणि वही हिरव्या रंगाची झाली तरी ती माळ तुटते. दुसऱ्यात ‘जो–तो’ या संबंधी सर्वनामांची जोडी सर्व भार वाहते. शोधावयाच्या वस्तूचे लक्षण सांगितले जाते, शोधण्याची रीत सांगितली जात नाही. कॉड यांनी आपल्या भाषेचा पाया म्हणून जे विधेय-कलन सुचविले, त्याची घडण या ‘जो–तो’ रचनेशी इतकी मिळतीजुळती आहे की, मराठी वाचकाला ते इंग्रजी वाचकापेक्षा कमी परके वाटावे. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेले प्रश्नवाक्य, याच दुसऱ्या जातीचे असावे हा निबंधाचा आग्रह आहे. या वाक्यातील मौन हेच त्याचे बळ होय.

परंतु मौनाची किंमत कोणीतरी मोजावी लागते. कपाट कोणते व वही कोणती हे साहेबांनी सांगितले नाही, तर ते कारकुनाने ठरविले पाहिजे. आणि कारकून मंद असला तर साहेबांच्या सुटसुटीत वाक्याचा काही उपयोग नाही. १९७० नंतरच्या वादाचे सारे रण याच मुद्द्यावर माजले. चार्ल्स बॅकमन यांनी १९७३ मध्ये ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना केलेल्या व्याख्यानात प्रोग्रामरला नावाड्याची उपमा दिली : माहितीच्या प्रदेशातून वाट काढीत जाणे हे त्याचे कौशल्य व त्याची प्रतिष्ठा. १९७४ मध्ये अ‍ॅन आर्बर येथील परिषदेत दोन्ही पक्षांचा समोरासमोर वाद झाला. बॅकमन यांच्या पक्षाला केवळ जुन्याचा कैवारी ठरविणे अन्यायाचे होईल. त्यांचा खरा युक्तिवाद असा होता की, माणसाला माहीत असलेली जवळची वाट यंत्र कधीच हुडकून काढू शकणार नाही. या आक्षेपाला कॉड यांच्या निबंधात उत्तर नाही. अकरा पानांत कोठेही एखाद्या प्रश्नाला किती वेळ लागेल याचा हिशेब मांडलेला नाही. टीकाकाराने हे उणे स्पष्टपणे नोंदविले पाहिजे, कारण पुढे ‘रिलेशनल म्हणजे मंद’ हा जो प्रवाद पसरला त्याला या पोकळीतच जागा मिळाली.

ती पोकळी भरून काढण्याचे काम दुसऱ्यांनी केले. सॅन होजे येथील आयबीएमच्या प्रयोगशाळेत १९७४ ते १९७९ या काळात ‘सिस्टिम आर’ हा प्रकल्प चालला. त्यातील पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेला निबंध कॉड यांच्या निबंधाचा उत्तरार्धच मानावयास हवा. डेटाबेसने वाट स्वतः कशी निवडावी हे त्यात सांगितले आहे. प्रत्येक संभाव्य वाटेचा खर्च दोन घटकांनी मोजावयाचा : डिस्कवरून किती पाने उचलावी लागतील आणि प्रोसेसरला किती श्रम पडतील. दहा टेबले जोडावयाची असली तर त्यांना एकामागून एक घेण्याचे क्रम ३६,२८,८०० होतात. ते सर्व तपासण्याऐवजी लहान जोडण्यांचे उत्तम मार्ग लक्षात ठेवून त्यांवरून मोठ्यांचे मार्ग बांधीत जावे, ही त्यांची युक्ती. एखादी वाट आज थोडी महाग असली, पण तिच्यातून निघणारा क्रम पुढे उपयोगी पडणार असला, तर ती टाकू नये, ही सूक्ष्म दृष्टीही तेथे आहे. आजच्या बहुतेक डेटाबेसमधील ऑप्टिमायझर याच घराण्यातील होत.

या निबंधातील एक बाब मात्र अधिक चर्चेची धनी व्हावयास हवी होती. किती ओळी एखाद्या अटीत बसतील याची माहिती नसेल, तर यंत्राने काय करावे? सेलिंजर व त्यांचे सहकारी सरळ आकडे ठरवून टाकतात : ‘बरोबर’ अशी अट असेल तर दहांतील एक, ‘पेक्षा मोठे’ अशी असेल तर तिहांतील एक. हे आकडे अटकळीचे आहेत आणि निबंधकारांनी तसे लपविलेलेही नाही. अडचण पुढे येते. दोन अटी एकत्र आल्या की यंत्र अपूर्णांकांचा गुणाकार करते, जणू त्या अटींचा परस्परांशी काही संबंधच नाही. समजा, विद्यार्थ्यांच्या देशव्यापी टेबलात महाराष्ट्राचे दहांत एक आणि सोलापूर जिल्ह्याचे तीनशेंत एक आहेत. ‘राज्य महाराष्ट्र आणि जिल्हा सोलापूर’ असे विचारले तर यंत्र तीन हजारांत एक ओळ मिळेल असे धरते. खरे उत्तर तीनशेंत एकच आहे, कारण सोलापूर म्हटले की महाराष्ट्र आलाच. भाषाशास्त्रात ज्याला अर्थाची पुनरुक्ती म्हणतात ती यंत्राला दिसत नाही. दहापट कमी ओळी येतील या समजुतीने ते अशी वाट धरते की, जी थोड्या ओळींसाठी उत्तम व पुष्कळ ओळींसाठी भयंकर असते. टेबलांच्या जोडण्या वाढत गेल्या म्हणजे ही चूक घातांकाने वाढते, हे इओआनिडिस व ख्रिस्तोदुलाकिस यांनी १९९१ मध्येच दाखविले होते. २०१५ मध्ये व्हिक्टर लाइस आणि सहकाऱ्यांनी चित्रपटांच्या खऱ्या माहितीवर ११३ प्रश्नवाक्ये चालवून अनेक प्रणाल्यांची परीक्षा घेतली, तेव्हा हजारपटींच्या चुकाही वारंवार आढळल्या. खर्चाची सूत्रे कितीही सुधारली तरी मूळ अंदाज चुकला की ती व्यर्थ जातात, हा त्यांचा निष्कर्ष विशेष ध्यानात ठेवण्यासारखा आहे. तेव्हा डेटाबेस मंद चालू लागला की यंत्रसामग्री वाढविण्याआधी, त्याने कोणत्या टप्प्यावर किती ओळींची अपेक्षा केली होती आणि प्रत्यक्षात किती आल्या, हे ताडून पाहणे हा पहिला उपचार ठरतो. साधने आहेत, परंतु पाहण्याची सवय कमी.

इंडेक्सच्या बाबतीत कॉड यांचा आग्रह पूर्णपणे यशस्वी झाला आहे. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्क्राइट यांनी बी-ट्री ही रचना १९७२ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्या एका पानात समजा दोनशे किल्ल्या मावत असतील, तर तीन पायऱ्यांत ८० लाख आणि चार पायऱ्यांत १६० कोटी नोंदींपर्यंत पोचता येते. इंडेक्स घातला किंवा काढला तरी प्रश्नवाक्य तेच राहते. बदलतो तो केवळ वेळ. (नवीन ओळ घालताना प्रत्येक इंडेक्सलाही हात लावावा लागतो, हे विसरून टेबलावर दहा-दहा इंडेक्स लादणारे महाभाग असतात, पण तो दोष कॉड यांचा नव्हे.) तथापि या यशाखाली एक गृहीतक दडलेले आहे, आणि ते भाषेच्या अभ्यासकाच्या अंगणातले आहे. बी-ट्री क्रमावर उभी असते. शब्दांचा क्रम कोणता?

मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो आणि क्ष, ज्ञ त्याच्याही मागून. युनिकोडच्या सांकेतिक क्रमात मात्र ळ हा ल च्या लगोलग, व च्या आधी बसला आहे. केवळ संकेतांकांवरून क्रम लावणाऱ्या इंडेक्सने ‘ळ’चे शब्द चुकीच्या जागी ठेवले तर यादी विद्रूप दिसेल, एवढेच. परंतु क्रमाचा नियम मध्येच बदलला तर अनर्थ होतो. ऑगस्ट २०१८ मध्ये लिनक्सवरील ‘जीलिबसी’ या मूलभूत ग्रंथालयाची २.२८ ही आवृत्ती आली आणि तिने शब्दक्रमाचे नियम बदलले. पोस्टग्रेस हा डेटाबेस त्या नियमांवर विसंबून असल्यामुळे जुन्या क्रमाने बांधलेले इंडेक्स नव्या क्रमाने शोधले जाऊ लागले, आणि टेबलात असलेली नावे ‘नाहीत’ अशी उत्तरे येण्याचा धोका उभा राहिला. इंडेक्स पुन्हा बांधणे हाच त्यावर उपाय होता. ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ या जोडाक्षरांचेही असेच. युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन रीतींनी लिहिता येतो : स्वतंत्र ‘ऱ’ घेऊन, अथवा साध्या ‘र’ला हलन्त करून पुढे अदृश्य जोडचिन्ह ठेवून. डोळ्याला ‘कऱ्हाड’ एकच दिसते; अंकाला अंक जुळवून पाहणाऱ्या यंत्राला ती दोन गावे आहेत. अशा वेळी वाक्यागणिक रूप बदलून तुलना करण्यापेक्षा नोंद घेतानाच एक लेखनरूप निश्चित करणे अधिक शहाणपणाचे. त्याचे कारण खालील मुद्द्यात येते.

कॉड यांच्या कल्पनेला प्रत्यक्ष बोलीचे रूप मिळाले ते डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांच्या १९७४ मधील ‘सीक्वेल’ या भाषेत, जी पुढे एसक्यूएल या नावाने ओळखली जाऊ लागली. येथे मूळ तत्त्व आणि त्याचा आविष्कार यांत अंतर पडले. ज्या भाषेत वाट सांगावयाची नाही, तिच्यात दोन समानार्थी वाक्यांना सारखाच वेळ लागला पाहिजे, कारण त्यांच्यात फरक असला तर तो शब्दांचा आहे, मागणीचा नाही. एसक्यूएलमध्ये हे घडत नाही. ‘ज्या नोंदींच्या तारखेतून काढलेले वर्ष १९६५ आहे’ आणि ‘ज्यांची तारीख १ जानेवारी १९६५ पासून ३१ डिसेंबर १९६५ पर्यंत आहे’ या दोन वाक्यांचा अर्थ एकच. पण पहिल्यात रकान्याभोवती फलनाचे वेष्टन आल्यामुळे तारखेवरचा इंडेक्स पुष्कळदा वापरला जात नाही व संपूर्ण टेबल चाळले जाते. दुसऱ्यात तो वापरला जातो. एकच मागणी जोडणीच्या रूपात मांडली की एक वेळ, पोटवाक्याच्या रूपात मांडली की दुसरी, असाही अनुभव जुन्या प्रणाल्यांत नित्याचा होता आणि आजही सर्वस्वी संपलेला नाही. ख्रिस्तोफर डेट यांनी १९८४ मध्ये या भाषेवर जी विस्तृत टीका केली तिची धार अजून बोथट झालेली नाही. शब्दरचनेने वेग बदलतो, म्हणून प्रोग्रामर वेगवान शब्दरचना पाठ करतात. आणि अशा रीतीने हद्दपार केलेला नावाडी मागल्या दाराने घरात येतो. या गोष्टीला ‘एसक्यूएल लिहिण्याचे कौशल्य’ असे गौरवाचे नाव दिले जाते. वस्तुतः ते ऑप्टिमायझरच्या उणिवांचे ज्ञान होय. ऑप्टिमायझर सुधारला की ते ज्ञान शिळे होते, पण त्यासाठी वाकविलेली वाक्ये प्रोग्रामांत तशीच राहतात.

माहितीची द्विरुक्ती करून वेग मिळविण्याची चाल याहून सरसकट आहे. विद्यार्थ्याचे नाव त्याच्या टेबलात असतेच. जोडणीचा खर्च टाळण्यासाठी ते गुणांच्या टेबलातही लिहून ठेवावयाचे. नाव बदलले की दोन ठिकाणी बदलावे लागते आणि एक जागा राहून गेली की डेटाबेस स्वतःशीच विसंगत बोलू लागतो. कॉड यांच्या निबंधाचा उत्तरार्ध याच द्विरुक्तीविषयी आहे, आणि त्यात त्यांनी एक भेद केला आहे जो बहुतेक पाठ्यपुस्तकांतून गळून गेला आहे : वापरणाऱ्याला नावाने दिसणाऱ्या संबंधांतील द्विरुक्ती वेगळी, आणि यंत्राच्या साठवणीतील द्विरुक्ती वेगळी. पहिलीची चिंता वापरणाऱ्याने करावयाची आहे, दुसरी यंत्राने खुशाल करावी. हा भेद पाळला तर पुष्कळ वाद आपोआप मिटतात. काही प्रणाल्यांत एखाद्या जोडणीचे तयार उत्तर साठवून ठेवता येते, आणि मूळ टेबलावर विचारलेला प्रश्न प्रणाली स्वतःच त्या तयार उत्तराकडे वळविते. द्विरुक्ती येथेही आहे, परंतु ती वाक्याच्या खाली आहे. गुणांच्या टेबलात नाव कोंबणे ही तीच गोष्ट वाक्याच्या वर आणणे होय. ज्यांना दुसरा मार्ग उपलब्ध नाही त्यांनी तो धरावा. पण त्याला ‘रिलेशनल मॉडेलची मर्यादा’ म्हणू नये. ती विशिष्ट प्रणालीची मर्यादा असते.

एका यंत्रावर हे सारे निभावते. व्याप अनेक यंत्रांवर पसरला की काय होते, हा प्रश्न अधिक कठीण आहे आणि त्याच्या उत्तराचे दोन भाग पडतात. वाचनापुरते पाहिले तर कॉड यांचे मौन येथे अनपेक्षितपणे फळाला आले. डेव्हिड डेविट आणि जिम ग्रे यांनी जून १९९२ मधील आपल्या लेखात हे उत्तम रीतीने मांडले आहे. रिलेशनल क्रिया ओळींचा संच घेतात व संचच परत देतात. क्रमाविषयी काही म्हणत नाहीत. म्हणून टेबलाचे शंभर तुकडे शंभर यंत्रांवर ठेवून प्रत्येकाला एकच वाक्य देता येते. निळ्या वहीची पाने क्रमाने उलटावयास सांगणारी आज्ञा शंभर कारकुनांत वाटता येत नाही. ‘ज्यांना साठांहून अधिक’ हे वाक्य येते. जे मॉडेल मंद म्हणून हिणवले गेले तेच समांतर गणनेला सर्वाधिक अनुकूल ठरले, हा योगायोग नव्हे.

लेखनाची गोष्ट निराळी. कॉड यांच्या मथळ्यात ‘सामायिक’ हा शब्द आहे, पण निबंधात सर्वांत कमी विवेचन त्याच शब्दाचे झाले आहे. अनेक जण एकाच वेळी लिहू लागले तर काय, हे तेथे उलगडलेले नाही. ते काम ग्रे यांच्यासारख्यांनी ट्रान्झॅक्शनच्या कल्पनेने केले : प्रत्येकाने असे बोलावे की जणू डेटाबेसपाशी तो एकटाच आहे, आणि तो भास टिकविण्याची जबाबदारी यंत्राने घ्यावी. हे दुसरे मौन पहिल्याइतकेच मोलाचे आहे, आणि अनेक यंत्रांवर तेच अधिक महाग पडते. यंत्रांमधील दुवा तुटला असता एकवाक्यता आणि प्रत्येक विनंतीला उत्तर ही दोन्ही एकाच वेळी साधता येत नाहीत, असे एरिक ब्रूअर यांनी २००० मध्ये मांडले व गिल्बर्ट आणि लिंच यांनी २००२ मध्ये सिद्ध केले. या सिद्धान्ताचा पुढे मंत्रासारखा जप झाला. ‘तिहांतून कोणतीही दोन निवडा’ हे त्याचे लोकप्रिय रूप दिशाभूल करणारे आहे असे स्वतः ब्रूअर यांनाच २०१२ मध्ये लिहावे लागले. अ‍ॅमेझॉनच्या डायनॅमो या प्रणालीवरील २००७ चा निबंध या दृष्टीने प्रांजळ आहे : दोन यंत्रांवरील खरेदीच्या टोपल्यांत भेद पडला तर त्या एकत्र करण्याचे काम प्रोग्रामवर टाकलेले आहे, आणि त्यात ग्राहकाने काढून टाकलेली वस्तू पुन्हा टोपलीत अवतरू शकते, हे त्यात कबूल केले आहे. दुकानाच्या टोपलीला हे चालेल. गुणपत्रिकेला चालणार नाही.

दुसरा रूढ उपाय म्हणजे टेबल हाताने वाटणे, ज्याला शार्डिंग म्हणतात. या उपायाची खरी किंमत गूगलने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्पॅनरविषयीच्या निबंधात एका परिच्छेदात सापडते. कंपनीच्या जाहिरातींचा व्यवहार मायएसक्यूएलच्या अनेक वाटण्यांवर चालत होता. प्रत्येक ग्राहकाची सर्व माहिती एका ठरावीक वाटणीत असे, आणि कोणती वाटणी कोठे आहे याचे थोडेबहुत ज्ञान व्यवहाराच्या प्रोग्रामांतही ठेवावे लागे. शेवटच्या फेरवाटणीला दोन वर्षांहून अधिक काळ लागला व तीत डझनावारी गटांना एकमेकांशी मेळ घालावा लागला. कॉड यांच्या पाच मांडण्यांच्या उदाहरणाचा याहून भव्य पडताळा मिळणे कठीण. मांडणी बदलली, म्हणून सारे प्रोग्राम तपासावे लागले. स्पॅनरच्या कर्त्यांनी यावरून काढलेला निष्कर्षही लक्षणीय आहे : ट्रान्झॅक्शनच्या अतिवापराने मंदपणा आला तर तो प्रसंगी निस्तरावा, पण ट्रान्झॅक्शनच नसल्यामुळे प्रोग्रामरला सदोदित आडवळणे घ्यावयास लावणे त्याहून वाईट. त्यासाठी त्यांनी प्रत्येक केंद्रात जीपीएस व आण्विक घड्याळे बसविली, आणि वेळेविषयीची अनिश्चितता काही मिलिसेकंदांइतकी खाली आणून, तेवढा वेळ थांबून मगच लेखन पक्के करण्याची पद्धत घातली. भास टिकविण्याची किंमत अशी मिलिसेकंदांत मोजली गेली.

स्पॅनरमध्ये एक गमतीची गोष्ट आहे. टेबलांच्या व्याख्येत एका टेबलाच्या पोटात दुसरे गुंफावयास सांगता येते : ग्राहकाच्या ओळीखाली त्याच्या मोहिमा, मोहिमेखाली तिचे जाहिरातगट. हे आयएमएसचेच झाड होय. परंतु ते व्याख्येत आहे, प्रश्नवाक्यात नाही. गुंफण काढून टाकली तर उत्तर उशिरा येईल, चुकीचे येणार नाही. बॅकमन यांचा युक्तिवाद येथे अर्धा खरा ठरतो. वाट माणसाला ठाऊक असते आणि ती सांगण्याची सोय हवी. ती कोठे सांगावयाची, एवढाच प्रश्न होता.

मात्र याच प्रणालीत कॉड यांचा पहिला आक्षेप, क्रमाच्या बंधनाचा, पुन्हा जिवंत झाला आहे. स्पॅनरमध्ये ओळी मुख्य किल्लीच्या क्रमाने लावून त्यांचे सलग पट्टे यंत्रांत वाटले जातात. किल्ली काळाबरोबर वाढत जाणारी असेल, जसा प्रवेशक्रमांक किंवा पावतीक्रमांक, तर सर्व नव्या ओळी शेवटच्या पट्ट्यात, म्हणजे एकाच यंत्रावर येऊन पडतात आणि बाकीची यंत्रे रिकामी बसतात. म्हणून क्रमांकाचे अंक उलटे करावेत किंवा यादृच्छिक किल्ली घ्यावी, असा सल्ला दिला जातो. ज्या क्रमांकावरून आधीचा कोण व नंतरचा कोण हे कारकुनाला एका दृष्टिक्षेपात कळत असे, तो अशा रीतीने साठवणीच्या सोयीसाठी अर्थहीन करावा लागतो. आणि मग ‘शेवटचे शंभर प्रवेश’ ही साधी मागणी पुरी करण्यासाठी तारखेचा वेगळा रकाना व त्यावर वेगळा इंडेक्स ठेवावा लागतो. तारीखही वाढतच जाते, त्यामुळे तो इंडेक्सही एकाच यंत्रावर गर्दी करतो. तेव्हा त्याच्याही आरंभी एक वाटणीचा अंक जोडतात, आणि वेगाने उत्तर हवे असेल तर तो अंक प्रश्नवाक्यात लिहावा लागतो.